कबरीची पिल्लं

प्रिय वहिनी,

उद्या सकाळी भुपेंद्रदादा तिकडे निघेल तेव्हा हे पत्र त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात असेल. त्याने विसरू नये म्हणून मी ते स्वतः खिशात घालून वर सेफ्टी पिन लावणार आहे. तुला तर माहीत आहे तुझा नवरा. चिचगडला येतो, लेकरू मांडीवर घेतो, तुझ्या बाबांशी धानाच्या गोष्टी करतो आणि जंगलातला रस्ता अंधार पडायच्या आत काढायचा म्हणून लगेच गाडीला किक मारतो. घरी आल्यावर मी विचारते, "वहिनी काय म्हणाली?" तर म्हणतो, "बरी आहे." आई पुढच्या पडवीत, सपरीत, काहीतरी निवडत बसलेली असते. ती विचारत काहीच नाही, पण तिचा हात थांबतो. मग मीच तिच्यासाठी विचारते, लेकरू केवढं झालं, मान धरते का, कोणावर गेलं. त्यावर दादाचं उत्तर ठरलेलं आहे: "लेकरासारखं आहे."

फोनवर तू माझ्याशी बोलतेस, पण तेही 'हो' आणि 'बरं' एवढंच. तुझ्या आजूबाजूला माणसं असतात आणि माझ्या आजूबाजूलाही. म्हणून म्हटलं, लिहावं. कागदाला रेंज लागत नाही.

इकडची खबर देते. धान कापून झाला, मळणी चालू आहे. बाबांचा गुडघा पुन्हा धरला आहे, तरी तलावाच्या पाळीवर सकाळ-संध्याकाळ चक्कर मारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. मी पशुसखी झाले, गावच्या कोंबड्या-शेळ्यांना औषध द्यायचं काम घेतलं, हे दादाने सांगितलंच असेल. बाबा पारावर बसून लोकांना सांगतात, "पोरगी बी.ए. झाली माझी. घराण्यात पयली. अन् आता कोंबडीच्या डोळ्यात औषध टाकून राहिली." लोक हसतात, बाबाही हसतात. पण परवा कोणीतरी जरा जास्त हसलं, तर म्हणाले, "हासू नोको बा. आपल्या बुढ्यायनं तलाव खोदले तवा बी लोक हासलेच असतीन." वहिनी, मला तेव्हा निकालाच्या दिवसापेक्षा जास्त बरं वाटलं.

मला आठवतं, तू लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरी जाऊन परत आलीस तेव्हा जीपमधून उतरताना तुझ्या हातात बॅग नव्हती, टोपली होती. वर लुगड्याचा तुकडा बांधलेला आणि आतून कुरकुर. तुझ्या आईने तीन कोंबड्या दिल्या होत्या. काळी, तांबडी आणि ती ठिपक्यांची कबरी. कबरीने वाटेतच तुझ्या मांडीवर अंडं घातलं होतं. तू ते पदरात धरून उतरलीस आणि सगळ्यांच्या आधी माझ्या हातात दिलंस. अजून कोमट होतं. त्या तिघींची किती अंडी मी खाल्ली असतील! माझ्या परीक्षा आल्या की तू आईला सांगायचीस, "चेतनाले रोवणीले नोको बोलावा, तिच्या वाटचं मी लावतो." आणि रात्री माझ्या ताटात एक उकडलेलं अंडं गुपचूप यायचं. आई पाहायची आणि न पाहिल्यासारखं करायची. त्या दिवसांत तुमचं दोघींचं किती चांगलं जमायचं, हे मी सांगायची गरज नाही. ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणून तर तुला जास्त लागलं.

मोहफुलं पडायच्या दिवसांत इथे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही. मी गोंदियाला शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत होते. घरी आले तर अंगण गप्प होतं. सपरीच्या कोपऱ्यातलं कोंबड्या झाकायचं डालं उपडं पडलेलं, खाली काहीच नाही. आईच्या सगळ्या कोंबड्या मरीच्या साथीत गेल्या होत्या. आधी पंख पाडून बसल्या, मग माना वाकड्या झाल्या, मग गेल्या. आणि तूही माहेरी गेली होतीस, सातवा महिना लागला म्हणून, असं मला सांगण्यात आलं. सातवा लागलाच होता, ते खोटं नव्हतं.

खरं काय ते मला हळूहळू गल्लीतून कळलं. आईच्या सगळ्या मेल्या आणि तुझ्या तिघी जिवंत राहिल्या. तेवढ्यावरच गल्लीतल्या बायकांनी न्याय केला. "आणणारीच्या वाचल्या, घरच्या गेल्या. मंग मर कोणं आणली?" तू म्हणालीस म्हणे, की माझ्या आईने यांना सुई देऊन पाठवलं आहे. त्यावर कोणीतरी म्हणालं, "माणसाले सुई भेटून नाही राहिली, अन् कोंबडीले?" आणि आई तिथे उभी होती. ती गल्लीला काही म्हणाली नाही. तुला जे म्हणाली ते मला कोणीच सांगितलं नाही, तूही नाही. एवढंच कळलं की पुढच्या बाजाराला काळी आणि तांबडी केशोरीला विकल्या गेल्या. कबरी सापडली नाही म्हणून राहिली.

ती कुठे होती माहीत आहे? मागच्या धानाच्या तणसाच्या ढिगात, पार आत, अंड्यांवर बसलेली. मी घरी आल्यावर एक दिवस तणस काढायला गेले तर तिने माझ्या मनगटाला अशी चोच मारली की रक्त आलं. अंडी वाया गेली होती, उन्हाने असेल. मी तिला उचलून अंगणात आणलं. हाडाची काडी झाली होती. मला वाटलं आई आता म्हणेल, हिलाही नेऊन टाक. आईने तिच्याकडे पाहिलं. मग घरात गेली, मूठभर तांदळाची कनकी आणली आणि तिच्यापुढे टाकली. मला म्हणाली, "माझी नोहोय ते. दुसऱ्याची अमानत आहे. उपाशी मेली तं नाव माझं होईन."

सगळा उन्हाळा त्या रिकाम्या अंगणात त्या दोघीच होत्या, वहिनी. आई झाडायची, ती मागे मागे चोची मारत फिरायची. आई तिच्याशी बोलते हे मला पावसाळा लागल्यावर कळलं. मी आत होते, तिला वाटलं घरात कोणी नाही. तुझ्या बाळंतपणाचा फोन येऊन गेला होता त्या दिवशी. आई कोंबडीला सांगत होती, "पोट्टी झाली वो. दोघीबी चांगल्या आहेत."

पशुसखीचं प्रशिक्षण श्रावणात झालं. तिथे चिचगडकडच्या जुन्या पशुसखी धुरपताबाई भेटल्या. जेवणाच्या सुट्टीत गावं विचारता विचारता तुझ्या आईचं नाव निघालं. त्या म्हणाल्या, "अवो, तिच्या कोंबड्यायले तं मीच सुई देली होती दिवाळीच्या आंधी. मले म्हणे, पोरीसंगं धाडाच्या आहेत. लेकीच्या घरी जाऊन मेल्या तं लेकीले बोल लागन." तुला बोल लागू नये म्हणून तुझ्या आईने जे केलं, त्याचाच तुला बोल लागला.

पण त्याहून मोठी गोष्ट मला तिथल्या डॉक्टरांच्या तासाला कळली. ते म्हणाले, ही मर, म्हणजे राणीखेत, उडत येत नाही, माणूस तिला हातात धरून आणतो. एखाद्या गावात कोंबड्या मरायला लागल्या की लोक उरलेल्या कोंबड्या जीव वाचवायला म्हणून नातेवाइकांकडे नेऊन ठेवतात. वरून धडधाकट दिसतात, पण आजार आत शिरलेला असतो. ते हे बोलत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे सुलोचनामावशी आली. तुझ्या लक्षात असेल, मर यायच्या थोडंच आधी मावशी तिच्या कोंबड्या घेऊन आली होती, त्यांच्या गावात मर चालू आहे म्हणून. आईने आपल्याच डाल्याखाली त्या झाकल्या. बहीण रडत आली होती. आपल्याकडे कोणी नाही म्हणेल का? आपल्याकडे तर हीच माया आहे.

घरी येऊन मी आईला हे सांगितलं नाही. म्हणजे तिला एकटीला धरून सांगितलं नाही. मी गल्लीतल्या बायकांची बैठक घेतली, आपल्याच सपरीत. सगळ्यांना सांगितलं, आपण कोंबड्या डाल्याखाली कोंबतो, त्या रात्रभर आपल्याच विष्ठेवर बसतात, एक आजारी पडली की सगळ्या पडतात. पाणी रोज बदला, भांडं घासा. उवा-पिसवांसाठी एका खड्ड्यात राख टाकून ठेवा, त्या आपणच त्यात लोळतात. आणि मग म्हटलं, मर आलेल्या गावातून कोंबडी आणायची नाही, कितीही जवळचं नातं असलं तरी. आणि मर आली की आपली तिकडे न्यायची नाही. आई मागे बसून तांदूळ निवडत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. बैठक उठली, बायका गेल्या, तरी ती तशीच बसली होती. शेवटी म्हणाली, "दिवा लाव," आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाबांना माळ्यावरची जुनी बाज काढायला लावली. "खुराडं बनवा," म्हणाली, "उंच. चेतना म्हणते तसं." बाबा आणि दादा दोघं मिळून बांबू चिरायला बसले. खाली चार पाय, वर बांबूच्या कामट्यांची जमीन, कामट्यांमध्ये एवढीच फट की विष्ठा खाली राखेत पडावी आणि पाय अडकू नये. तीन बाजूंना जाळी, वर कौलं, मुंगूस येऊ नये म्हणून दाराला बाहेरून कडी. बाबांचं तोंड चालूच, "घरात माणसाले पलंग नाही, अन् कोंबडीले माडी. बुढ्यायनं तलाव बांधले, मी खुराडं बांधून राहिलो. पुढं काय बांधाचं बाकी आहे?" आई म्हणाली, "हात चालवा, तोंड नोको चालवा." खूप दिवसांनी घरात असा आवाज झाला होता.

जागेवरून मात्र माझं आणि आईचं भांडण झालं. माझं म्हणणं, खुराडं तुमच्या खोलीच्या भिंतीला लागून असावं. तिथे सावली आहे, वारा आहे, आणि रात्री मुंगूस आलं तर लगेच ऐकू येईल. आई ऐकेना. तिने ते पार तिकडे, चिंचेखाली न्यायला लावलं. "इकडं नोको. वास येते." मी म्हटलं, "आई, जन्मभर सपरीतच कोंबड्या होत्या आपल्या, तेव्हा नाही आला वास?" तिने चिंचेखालची जागा झाडायला घेतली. मी चिडून गेले. तुमच्या खोलीत आता राहतंच कोण, दादा तर ओसरीत झोपतो. ती खोली आई रोज झाडते, हे माझ्या तेव्हा डोक्यातच आलं नाही. कोणाच्या नाकाला वास जाऊ नये म्हणून ते चिंचेखाली गेलं, ते मला नंतर कळलं. बी.ए. झालं तरी काही गोष्टी उशिराच कळतात.

पोळा झाल्यावर कबरी नव्या खुराड्यात अंड्यांवर बसली आणि पितृपक्षात पिल्लं निघाली. चांगली दहा-बारा. आई त्यांना दिवसभर मोठ्या टोपलीखाली ठेवायची, घारीपासून आणि कावळ्यापासून जपायला. वाळवी लागलेला लाकडाचा तुकडा कुठे दिसला की पिल्लांना टिपायला पदरात बांधून आणायची.

मग थेंब टाकायचा दिवस आला. तुला माहीत नसेल, त्या लशीची एक कुपी फोडली की शंभर पिल्लांना पुरते, पण दोन तासांत संपवावी लागते. म्हणून सगळ्या गल्लीने पिल्लं एकाच वेळी आणायला हवीत. मी आदल्या दिवशी दारोदार फिरले. सगळ्या हो म्हणाल्या आणि सकाळी बर्फाचा डबा घेऊन मी सपरीत बसले तर कोणी येईना. शालीकरामकाका आले ते रिकाम्या हाताने. म्हणाले, "पाहाले आलो. तुही कोंबडी मेली नाही तं मंग माही आणतो." दारादारात बायका उभ्या होत्या. जवळ कोणी येत नव्हतं. सगळ्यांना उन्हाळा आठवत होता. मला रडू यायला लागलं होतं, वहिनी. कुपी फोडावी की नाही तेच कळेना.

तेव्हा आई उठली. चिंचेखाली गेली, पदरात पिल्लं घेऊन आली आणि त्यातलं सर्वांत लहान माझ्या तळहातावर ठेवलं. "टाक." मी कुपी फोडली, औषध कालवलं आणि त्या पिल्लाच्या डोळ्यात थेंब टाकला. ते एकदा डोळे मिचकावून माझ्या बोटाला चोच मारायला लागलं. समोरच्या दारातून एकीने विचारलं, जरा मोठ्यानेच, "कुंदाबाई, हे तेच कोंबडीचे ना वो? चिचगडवालीचे?" आई म्हणाली, "हो, तेच. माझ्या सुनेचे. तिच्या मायनं सुई देऊन धाडली होती, म्हणून जगली. आमच्याकडं अक्कल नोहोती, म्हणून आमच्या मेल्या." आणि दुसरं पिल्लू माझ्या हातात दिलं.

त्यानंतर शालीकरामकाकाच आधी पळत गेले. कुपी वाया गेली नाही. दोन दिवसांनी ते तक्रार घेऊन आले होते, की थेंब टाकल्यापासून त्यांच्याकडचा मोठा कोंबडा सकाळी आरवत नाही, दुपारी आरवतो. मी म्हटलं, काका, थेंब पिल्लांना टाकले, कोंबड्याला नाही. तर म्हणतात, "त्यानं पाह्यलं ना पण!"

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला सगळ्या गावच्या लेकी आल्या, सुना परत आल्या. रात्रभर दंडारीचा खेळ झाला. आई यंदा गेली नाही. म्हणाली, घरी कोणीतरी पाहिजे. त्याच आठवड्यात सुलोचनामावशीचा फोन आला. त्यांच्याकडे पुन्हा मर सुरू झाली होती. फोन स्पीकरवर होता, मावशी रडत होती, "कुंदे, आणून ठेवू का वो दोन-चार?" मी चुलीपुढे होते. मला वाटलं, आता आई हो म्हणेल. मावशी तिची पाठची, तिने लहानपणी कडेवर वागवलेली. आईने फोन हातात घेतला. मग म्हणाली, "नोको आणू, सुलोचने. माझ्याकडं सुनेची अमानत आहे. चेतनाले धाडतो, तिच्याकडून सुई देऊन घे उरलेल्यायले." मावशीने फोन ठेवून दिला. आई संध्याकाळपर्यंत खुराड्यापाशीच बसून होती. मी दुसऱ्याच दिवशी मावशीच्या गावाला जाऊन आले. परत आल्यावर अंगणात पाय ठेवण्याआधी चपला धुतल्या, कपडे बदलले, तेव्हा कुठे आईने मला खुराड्याकडे जाऊ दिलं.

आता पिल्लं मोठी झाली आहेत. पंख भरले, दोन नरांना तुरे दिसायला लागले. मोठ्यांची सुईही मी त्यांना परवा देऊन टाकली. कबरी आता त्यांना जवळ येऊ देत नाही, चोच मारून हाकलते. तू गावखेड्यातली आहेस, याचा अर्थ तुला सांगायला नको. कोंबडी बटईने पाळायला दिली असेल तर पिल्लांची वाटणी याच वेळी करतात, मायने सोडली की. अर्धी पाळणारीची, अर्धी मालकिणीची, आणि आधी निवडायचा मान मालकिणीचा.

काल मी आईला सहज म्हटलं, आई, दोन कोंबडे बाजाराला नेऊ, खुराड्यात दाटी होते आहे. दाटी झाली की आजार येतो, हे मीच गल्लीला शिकवते ना. आई माझ्यावर खेकसली. "कोण वो तू निवडणारी? बटईचा माल आहे तो." मी विचारलं, तुला बटईने दिली कोणी, कधी? तर म्हणाली, "देली नाही, टाकून गेली. पाळणारी तं मीच ना." मग माझ्याकडे पाठ करून, खुराड्याची कडी उगाच लावत-काढत म्हणाली, "तिले पत्र लिही. फोनवर मले बोलता येत नाही." मी कागद घेऊन बसले. म्हटलं, सांग, काय लिहू? तिला किती काय म्हणायचं असेल ते मला तिच्या पाठीवरून दिसत होतं. शेवटी तिने एकच वाक्य सांगितलं आणि म्हणाली, एवढंच लिही, दुसरं काही लिहू नोको. वहिनी, मी तिचं ऐकलं नाही, बाकीचं सगळं माझ्या मनाने लिहिलं आहे. तू तिला सांगू नकोस. दादा दोन दिवस तिथे थांबणार आहे, यावेळी त्याला मी बजावलं आहे. माझ्या भाचीसाठी नाव मनात ठरवून ठेवलं आहे, पण ते आत्याने पाळण्यापाशी वाकून कानातच सांगायचं असतं, म्हणून इथे लिहीत नाही. आईचं वाक्य मात्र तिने सांगितलं तसंच लिहिते:

"मालकीण आल्याबिगर वाटणी होत नाही."

तुझीच, तुझी अंडी खाऊन पास झालेली,
चेतना